एका कीवर फर्निचर बंद-चालू: क्लास आणि लेयरची व्हिजिबिलिटी स्क्रिप्टने टॉगल कशी करायची

व्हेक्टरवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त क्लिक कुठे जातात, तर नेव्हिगेशन पॅलेटमधल्या, म्हणजे काय दिसायचं काय लपायचं ते ठरवणाऱ्या यादीतल्या, त्या डोळ्याच्या कॉलममध्ये. फर्निचर बंद करा, भिंतीचं काम करा, फर्निचर चालू करा, दरवाजा कुठे आपटतोय का बघा, परत बंद करा. फाइलमध्ये पन्नास-साठ क्लास, म्हणजे वस्तूंचे प्रकार, असले की आधी तो क्लास शोधायला स्क्रोल करायचं, मग नेमक्या ओळीवर क्लिक, त्यात एक ओळ वरखाली झाली की भलताच क्लास बंद. हे सगळं आठ-दहा ओळींच्या स्क्रिप्टने, म्हणजे सॉफ्टवेअरला लिहून दिलेल्या सूचनांनी, कीबोर्डच्या एका कीवर आणता येतं आणि त्यासाठी प्रोग्रामर असायची काही गरज नाही. पण स्क्रिप्ट नीट लिहिली नाही तर ती क्लिकपेक्षा जास्त त्रास देते, कारण हाताने केलेली चूक डोळ्यासमोर होते आणि स्क्रिप्टने केलेली प्रिंट निघाल्यावर कळते. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. फंक्शनची नावं मी इथे बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस न सोडता टाकायची. नेमकं स्पेलिंग एडिटरमधल्या फंक्शनच्या यादीतून घ्या, तिथून निवडलं की आपोआप कोडमध्ये येऊन बसतं, टाइप करत बसायचं कामच नाही.

लेयर आणि क्लास यातला फरक माहीत असेल तर हा पॅरा सोडून द्या. लेयर म्हणजे वस्तू कुठे आहे, तळमजला, पहिला मजला, छत, साइट. क्लास म्हणजे वस्तू काय आहे, भिंत, फर्निचर, डायमेन्शन, प्लंबिंग. प्रत्येक वस्तू एका लेयरवर असते आणि एका क्लासमध्ये असते, आणि ती दिसायला दोन्ही चालू लागतात, एक जरी बंद असला तरी वस्तू गायब. दोघांनाही तीन अवस्था असतात: दिसतोय, लपलाय, आणि ग्रे म्हणजे फिकट. ऑटोकॅड या दुसऱ्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या लोकांचा इथेच घोळ होतो कारण तिथे फक्त लेयर आहे आणि दोन्ही कामं तोच करतो, त्यामुळे ते इकडे येऊन क्लासला लेयर समजतात नाहीतर सगळं एकाच लेयरवर टाकून मोकळे होतात.

व्हेक्टरवर्क्सच्या आत लिहायला दोन भाषा आहेत, व्हेक्टरस्क्रिप्ट आणि पायथन. व्हेक्टरस्क्रिप्ट ही पास्कलच्या धर्तीवरची भाषा, सॉफ्टवेअरचं नाव मिनीकॅड होतं तेव्हा तिला मिनीपास्कल म्हणायचे. पायथन २०१४ च्या व्हर्जनपासून आलं. फंक्शन दोन्हीकडे तीच आहेत, पायथनमध्ये फक्त सुरुवातीला व्हीएस नावाचं मॉड्यूल इम्पोर्ट करायचं आणि प्रत्येक फंक्शनच्या आधी व्हीएस आणि डॉट लावायचा. पायथनला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक पडतो, व्हेक्टरस्क्रिप्टला पडत नाही, तेवढ्यासाठी अगदी नवीन माणसाला मी व्हेक्टरस्क्रिप्टने सुरू करायला सांगतो. मात्र नावांच्या यादीवर काम करायचं असेल तर पायथन खूप सोयीचं पडतं.

आता पहिली स्क्रिप्ट. रिसोर्स मॅनेजरमध्ये नवीन रिसोर्स घ्या, त्यात स्क्रिप्ट निवडा. आधी पॅलेटचं नाव विचारेल, मग स्क्रिप्टचं, मग एडिटर उघडेल. वरती भाषा निवडायचा पर्याय आहे, तिथे व्हेक्टरस्क्रिप्ट ठेवा. आणि हे लिहा:

प्रोसिजर फर्निचरटॉगल;
बिगिन
इफ गेटसीव्हिस('फर्निचर') = ० देन
हाइडक्लास('फर्निचर')
एल्स
शोक्लास('फर्निचर');
रीड्रॉऑल;
एंड;
रन(फर्निचरटॉगल);

बस एवढंच. गेटसीव्हिस हे क्लासची सध्याची अवस्था आकड्यात सांगतं: ० म्हणजे दिसतोय, -१ म्हणजे लपलाय, २ म्हणजे ग्रे. हे तीन आकडे पाठ करून टाका, सगळं काम यांच्यावरच चालतं, आणि ० म्हणजे बंद असेल असं डोक्यात बसलेलं असतं ते आधी काढा, इथे ० म्हणजे चालू. हाइडक्लास आणि शोक्लास नावाप्रमाणेच करतात, तिसरं ग्रेक्लास आहे. रीड्रॉऑल स्क्रीन नव्याने काढतं.

एक बारीक गोष्ट बघा, हाइडक्लासच्या ओळीनंतर सेमीकोलन नाहीये. तो विसरलेला नाही, एल्सच्या आधी सेमीकोलन टाकला की पास्कलच्या हिशोबाने इफ तिथेच संपतं आणि मग एकटं पडलेलं एल्स बघून कंपायलर एरर देतो. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास इथे अडकतो आणि एरर भलत्याच ओळीवर दाखवली जाते म्हणून सगळीकडे शोधत बसतो. शेवटच्या रनच्या ओळीतलं नाव पहिल्या ओळीतल्या प्रोसिजरच्या नावासारखंच असायला हवं, तेही एक बघून घ्या. क्लासचं नाव मात्र फाइलमध्ये जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, डॅशच्या आजूबाजूला स्पेस असेल तर ती पण. नेव्हिगेशन पॅलेटमधून क्लास एडिट करायला उघडा आणि नाव तिथून कॉपी करून आणा, हाताने टाइप करूच नका.

सेव्ह करा, पॅलेटमधल्या नावावर डबल क्लिक करा, फर्निचर जाईल. परत डबल क्लिक, परत येईल.

आता खरा मुद्दा. एक क्लास टॉगल करणं सोपं आहे, पण प्रत्यक्षात कुणालाच एक क्लास टॉगल करायचा नसतो. फर्निचर म्हणजे फर्निचर-लूज, फर्निचर-फिक्स, फर्निचर-टेक्स्ट, त्याचा हॅच वेगळा, असे पाच-सहा क्लास एकत्र. मग साहजिक मनात येतं की वरचाच इफ कॉपी करून प्रत्येक क्लाससाठी एकेकदा चिकटवू. मी पण सुरुवातीला तसंच केलं होतं. डायमेन्शनचे चार क्लास होते, चारहींसाठी वेगवेगळा इफ, छान चालायचं. एक दिवस त्यातला एक क्लास मी हाताने बंद केला होता, आतल्या बाजूच्या मापांचा, काम करताना मधे मधे येत होता म्हणून. नंतर की दाबली. तर तीन क्लास बंद झाले आणि तो चौथा, जो बंद होता, तो चालू झाला. परत दाबली, तीन चालू झाले, तो बंद. स्क्रीनवर मापं दिसत होती, बाहेरची सगळी होती, त्यामुळे सगळं चालू आहे असं वाटलं आणि तशीच पीडीएफ काढून क्लायंटला गेली, आतल्या मापांशिवाय. साइटवर माणूस थांबून राहिला आणि मला फोन आला. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, स्क्रिप्ट मी सांगितलं तेच करत होती, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या उलट करत होती.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरतो आणि ज्याला ज्याला शिकवलं त्याला हीच शिकवली: ग्रुपमधला एक क्लास म्होरक्या ठरवायचा. अवस्था फक्त त्याचीच वाचायची, एकदाच, आणि मग जो निर्णय होईल तो सगळ्यांना सारखा लावायचा. म्हणजे म्होरक्या दिसत असेल तर सगळे बंद, नसेल तर सगळे चालू, बाकीचे आधी कसे होते याच्याशी काही घेणंदेणं नाही. असं केलं की ग्रुप फाटतच नाही, कुणी मधेच हाताने एखादा क्लास बंद केला असला तरी जास्तीत जास्त दोनदा की दाबल्यावर सगळे परत एका रांगेत येतात.

कोडमध्ये ते असं दिसतं. वरती व्हार लिहून एक बूलियन, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स साठवणारी जागा, घ्या, त्याला 'चालूकर' म्हणू:

चालूकर := गेटसीव्हिस('डायमेन्शन-बाहेर') <> ०;

म्हणजे म्होरक्या दिसत नसेल तर चालूकर ट्रू होतो. ग्रे असेल तरी ट्रू होतो, आणि ते मला बरोबर वाटतं, कारण ग्रे क्लासवर की दाबणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तो नीट बघायचा असतो. त्यानंतर इफ चालूकर देन बिगिन, खाली सगळे शोक्लास, एंड, एल्स बिगिन, सगळे हाइडक्लास, एंड सेमीकोलन. परत सांगतो, एल्सच्या आधीच्या एंडला सेमीकोलन नाही.

यापुढची पायरी म्हणजे नावांची यादी स्क्रिप्टमध्ये लिहायचीच नाही. व्हेक्टरवर्क्समध्ये क्लासच्या नावात डॅश टाकला की मेनूमध्ये त्याचे आपोआप गट पडतात, फर्निचर-लूज आणि फर्निचर-फिक्स दोन्ही फर्निचरच्या खाली दिसतात. तुम्ही नावं अशी ठेवली असतील तर स्क्रिप्ट पूर्ण यादी फिरून 'फर्निचर-' ने सुरू होणारे सगळे पकडू शकते. क्लासनम हे एकूण किती क्लास आहेत ते देतं आणि क्लासलिस्टला नंबर दिला की त्या नंबरच्या क्लासचं नाव देतं. मोजणी १ पासून आहे, ० पासून नाही, पायथनवाल्यांनी इथे लक्ष द्या कारण रेंज लिहिताना सवयीने ० पासून सुरू होतं आणि शेवटचा क्लास सुटतो, म्हणून रेंज १ पासून क्लासनम अधिक १ पर्यंत द्यायची. पायथनमध्ये नाव स्टार्ट्सविथने तपासा. व्हेक्टरस्क्रिप्टमध्ये कॉपी फंक्शनने नावाची पहिली काही अक्षरं काढून तुलना करा, किंवा पॉस वापरा, पॉस हे एका शब्दात दुसरा शब्द कितव्या जागी आहे ते सांगतं, उत्तर १ आलं म्हणजे नाव त्यानेच सुरू होतंय.

याचा मोठा फायदा असा की उद्या कुणी 'फर्निचर-बाल्कनी' नावाचा नवीन क्लास काढला तर स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही, तो आपोआप ग्रुपमध्ये येतो. इथे म्होरक्या म्हणून यादीत जो पहिला सापडेल तो घ्या, पण एक काळजी, तो पहिला सापडला तेव्हाच त्याची अवस्था वाचून बाजूला ठेवायची, लूपच्या प्रत्येक फेरीत परत वाचायची नाही, नाहीतर फिरून त्याच जुन्या घोळात जाल.

नावांची शिस्त पाळली नसेल तर हे चालणार नाही, हे उघड आहे. एकाने फर्निचर लिहिलंय, दुसऱ्याने फर्न, तिसऱ्याने स्पेस देऊन डॅश, अशा फाइलला आधी नावं सरळ करा आणि मग स्क्रिप्टच्या मागे लागा, उलटं करू नका.

आता ॲक्टिव्ह क्लासची भानगड. व्हेक्टरवर्क्समध्ये जो क्लास ॲक्टिव्ह आहे, म्हणजे ज्यात तुम्ही आत्ता काढताय, तो कायम दिसतो, त्याला लपवलं तरी दिसतो. लेयरचंही तसंच. म्हणजे तुम्ही फर्निचर-लूजमध्ये काम करत असताना फर्निचर टॉगल दाबलं तर बाकीचे जातील आणि हा एक तसाच राहील, आणि तुम्हाला वाटेल स्क्रिप्ट बिघडली. उपाय सोपा आहे. ॲक्टिव्हक्लास फंक्शन सध्याच्या क्लासचं नाव देतं, ते ग्रुपमधलं असेल आणि आपण लपवायला निघालो असू तर आधी नेमक्लासने 'नन' ॲक्टिव्ह करायचा. नन आणि डायमेन्शन हे दोन क्लास प्रत्येक फाइलमध्ये असतातच, ते डिलीट होत नाहीत, म्हणून नन सुरक्षित.

पण नेमक्लास वापरताना जपून, कारण त्या नावाचा क्लास नसेल तर ते गुपचूप नवीन क्लास बनवतं आणि तोच ॲक्टिव्ह करतं. एक अक्षर चुकलं की फाइलमध्ये एक रिकामा क्लास वाढला, त्यावर पुढची सगळी कामं त्याच चुकीच्या क्लासमध्ये जात राहतात. म्हणून नावं वर एकदाच कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणारी किंमत, म्हणून लिहायची आणि खाली सगळीकडे तो कॉन्स्टंट वापरायचा.

अजून एक गोष्ट जी लोकांना तासन्‌तास फिरवते ती म्हणजे क्लास ऑप्शन्स. व्ह्यू मेनूमध्ये आहेत, ॲक्टिव्ह ओन्ली, ग्रे अदर्स, शो अदर्स वगैरे. तिथे ॲक्टिव्ह ओन्ली असेल तर तुमची स्क्रिप्ट शोक्लास करून थकेल पण स्क्रीनवर काही येणार नाही, कारण प्रोग्रामला सांगितलंय की ॲक्टिव्ह सोडून काही दाखवूच नको. स्क्रिप्ट चालत नाहीये असं वाटलं की कोड बघायच्या आधी हे बघा. त्यानंतर लेयर ऑप्शन्स बघा, ते वेगळे असतात.

आता लेयर. इथे काम जरा वाकडं आहे, कारण शोक्लासला जसं नाव देता येतं तसं शोलेयर आणि हाइडलेयरला देता येत नाही, ती दोन्ही फक्त ॲक्टिव्ह लेयरवर चालतात. म्हणजे छताचा लेयर लपवायचा तर आधी त्या लेयरवर जायचं, लपवायचा, आणि परत आपल्या जागेवर यायचं. हे परत येणं विसरलं की काय होतं ते ऐका: की दाबली, छत लपलं असं वाटलं, पण तुम्ही आता छताच्या लेयरवर उभे आहात, ॲक्टिव्ह म्हणून तो दिसतोय, आणि पुढची भिंत तुम्ही छतावर काढता. म्हणून क्रम असा ठेवा:

जुना := गेटएलनेम(ॲक्टलेयर);
एच := गेटलेयरबायनेम('छत');
इफ एच = निल देन
अलर्टडायलॉग('छत नावाचा लेयर सापडला नाही')
एल्स बिगिन
अवस्था := गेटएलव्हिस(एच);
लेयर('छत');
इफ अवस्था = ० देन हाइडलेयर एल्स शोलेयर;
लेयर(जुना);
एंड;

गेटएलव्हिसचे आकडे क्लाससारखेच आहेत, फरक इतकाच की याला नाव नाही तर हँडल लागतं. हँडल म्हणजे त्या वस्तूचा पत्ता समजा, ॲक्टलेयर म्हणजे ॲक्टिव्ह लेयरचं हँडल, आणि निल म्हणजे पत्ता सापडलाच नाही. अवस्था वाचायची ओळ लेयरवर जायच्या आधी आहे हे मुद्दाम, आधी बघायचं मग हात लावायचा. आणि निलची तपासणी तर अजिबात गाळू नका, कारण लेयर हे फंक्शन पण नेमक्लाससारखंच आहे, नाव सापडलं नाही तर नवीन लेयर बनवून मोकळं होतं. एखादी स्क्रिप्ट दुसऱ्या फाइलमध्ये चालवली जिथे लेयरचं नाव वेगळं आहे, तर प्रत्येक वेळी त्या फाइलमध्ये एक फालतू लेयर जन्माला येणार आणि तो कुठून आला हे कुणाला कळणार नाही.

तुम्ही ज्या लेयरवर आहात तोच लपवायचा असेल तर तो दिसतच राहणार, वर सांगितलं तेच कारण. तिथे मी जुना आणि 'छत' सारखे आहेत का ते तपासतो आणि सारखे असतील तर फक्त सूचना दाखवून थांबतो. आपोआप दुसऱ्या लेयरवर उडी मारायचं मी टाळतो, क्लासच्या बाबतीत नन होता, लेयरमध्ये असा कोणताच तटस्थ लेयर नसतो, आणि माणसाला न विचारता त्याची कामाची जागा बदलणं बरं नाही.

सगळे लेयर फिरायचे असतील तर एफलेयरने पहिल्याचं हँडल मिळतं, नेक्स्टलेयरने पुढच्याचं, निल येईपर्यंत व्हाइल चालवायचं. पण यात शीट लेयरही येतात, म्हणजे प्रिंटसाठी मांडलेले कागद; प्रत्यक्ष ड्रॉइंग असतं ते डिझाइन लेयर. त्यांना वेगळं काढायला गेटऑब्जेक्टव्हेरिएबलइंट आहे, त्याला हँडल आणि १५४ नंबर दिला की १ म्हणजे डिझाइन लेयर, २ म्हणजे शीट लेयर असं उत्तर येतं. तुम्ही शीटवर उभे असताना लेयरची स्क्रिप्ट चालली तर ती तुम्हाला डिझाइन लेयरवर नेऊन परत आणते, स्क्रीन लखलखते, म्हणून सुरुवातीलाच ॲक्टलेयर शीट आहे का बघून थांबलेलं बरं.

शीटवरून आठवलं, व्ह्यूपोर्ट, म्हणजे शीटवर ड्रॉइंग दाखवणारी चौकट. व्ह्यूपोर्टच्या क्लास आणि लेयरची व्हिजिबिलिटी त्याची स्वतःची असते, डिझाइन लेयरवर तुम्ही काय लपवलं याचा त्याला पत्ता नसतो, आणि तेच चांगलं आहे. त्यामुळे वरच्या स्क्रिप्टचा शीटवर काही परिणाम दिसला नाही तर घाबरू नका. व्ह्यूपोर्टसाठी सेटव्हीपीक्लासव्हिजिबिलिटी आणि सेटव्हीपीलेयरव्हिजिबिलिटी अशी वेगळी फंक्शन आहेत, दोन्हीला व्ह्यूपोर्टचं हँडल लागतं, आणि नंतर अपडेटव्हीपी केल्याशिवाय बदल नीट दिसत नाही. पण व्ह्यूपोर्ट टॉगल करणारी स्क्रिप्ट मी रोजच्या कीवर ठेवत नाही. शीट म्हणजे बाहेर जाणारा कागद, तिथे चुकून दाबलेली एक की पुरेशी आहे.

ग्रेचा उपयोग बरेच जण करत नाहीत आणि तो करायला हवा असं मला मनापासून वाटतं. सीलिंगचं काम करताना फर्निचर पूर्ण गायब केलं तर लाइट नेमका टेबलावर येतोय का कळत नाही, आणि पूर्ण चालू ठेवलं तर रेषांचं जंगल होतं. ग्रेमध्ये दोन्ही जमतं. तीन अवस्थांचा टॉगल करायचा तर इफऐवजी केस लिहा, म्हणजे प्रत्येक आकड्याला वेगळी कृती: ० असेल तर ग्रे कर, २ असेल तर लपव, -१ असेल तर दाखव. एकाच कीवर गोल फिरतं. वाचायचं इथेही म्होरक्याकडूनच.

की द्यायची कशी? रिसोर्स मॅनेजरमध्ये केलेली स्क्रिप्ट त्या फाइलपुरतीच असते आणि पॅलेटवरून डबल क्लिकने चालते. सगळ्या फाइलमध्ये आणि कीबोर्डवर हवी असेल तर तिला प्लग-इन करायचं. टूल्स मेनूत प्लग-इन्सच्या खाली प्लग-इन मॅनेजर आहे, तिथे कस्टम प्लग-इन्समध्ये न्यू करा, प्रकार मेनू कमांड निवडा, एडिट स्क्रिप्टमध्ये तोच कोड चिकटवा. मग टूल्समध्येच वर्कस्पेसेसच्या खाली एडिट करंट वर्कस्पेस उघडा, मेनूच्या टॅबमध्ये तुमची कमांड डावीकडून उचलून उजवीकडे हव्या त्या मेनूत सोडा आणि शॉर्टकट द्या. शॉर्टकट आधीच कुणाला दिलेला नाही ना तेवढं बघा. कोड आधी फाइलमधल्या पॅलेटवर पक्का करून घ्या आणि मगच प्लग-इन करा, पॅलेटवर बदलून लगेच चालवून बघता येतं.

पक्का झाला हे कसं ओळखायचं, तर माझी एक ठरलेली चाचणी आहे. एक छोटी फाइल ठेवलीय, तीन लेयर, सहा क्लास, प्रत्येकात एक चौकोन आणि त्यावर क्लासचं नाव लिहिलेलं. ग्रुपचे सगळे क्लास एकसारखे ठेवून स्क्रिप्ट दोनदा चालवायची. ॲक्टिव्ह क्लास ग्रुपच्या बाहेरचा असेल तर सगळं होतं तसं परत यायला हवं, ॲक्टिव्ह लेयर आणि क्लास धरून. मग मुद्दाम एक क्लास हाताने बंद करून चालवायची. मग ॲक्टिव्ह क्लास ग्रुपमधला ठेवून. मग एका क्लासचं नाव बदलून. चारही वेळा यादीत नवीन क्लास किंवा लेयर वाढलेला नको. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, प्रत्येक गोष्टीला स्क्रिप्ट लागत नाही. 'प्लंबिंग ड्रॉइंगसाठी हे बारा क्लास चालू, बाकी बंद' असा ठरलेला सेट असेल तर सेव्ह्ड व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेला देखावा, करून ठेवा, त्यात क्लास आणि लेयर दोघांची व्हिजिबिलिटी साठवता येते. सेव्ह्ड व्ह्यू बनवताना स्क्रीनचा झूम आणि ॲक्टिव्ह लेयर साठवायचे की नाही तेही निवडता येतं, मी झूम काढून टाकतो, नाहीतर प्रत्येक वेळी ड्रॉइंग भलतीकडे उडी मारतं. सेव्ह्ड व्ह्यू स्क्रिप्टमधूनही लावता येतो, व्हीरिस्टोरला त्याचं नाव द्यायचं. ठरलेल्या सेटला सेव्ह्ड व्ह्यू आणि काम करता करता वरखाली होणाऱ्या एका ग्रुपला टॉगल, अशी वाटणी मला तरी नेहमी सोपी पडली.

ऑटोकॅडवाल्यांसाठी थोडं. तिथे क्लास नाही, पण म्होरक्याची युक्ती जशीच्या तशी लागू आहे. ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्या स्क्रिप्टच्या भाषेत टीबीएलसर्चने लेयरची माहिती काढायची, त्यात ६२ नंबरच्या कोडखाली रंग असतो, आणि गंमत म्हणजे लेयर बंद असला की तोच रंगाचा आकडा निगेटिव्ह होतो. लाल लेयर चालू असताना १, बंद असताना -१. म्हणजे मायनसपीने (आकडा निगेटिव्ह आहे का ते सांगणारं फंक्शन) तपासलं की कळलं. फ्रीझ, म्हणजे लेयर लपवायचा दुसरा, जास्त पक्का प्रकार, मात्र इथे दिसत नाही, ते ७० नंबरच्या कोडमध्ये असतं, त्यात १ चा बिट फ्रीझचा आणि ४ चा लॉकचा, म्हणून ५ आलं तर लेयर फ्रीझ पण आहे आणि लॉक पण, थेट '१ आहे का' असं विचारू नका, लॉगअँडने बिट तपासा.

बदल करायला कमांड फंक्शनमधून लेयर कमांड द्यायची, आधी डॅश लावून, म्हणजे डायलॉग न उघडता कमांड लाइनवर चालते. इथे एक खड्डा आहे. जो लेयर करंट आहे तोच ऑफ करायला गेलात तर ऑटोकॅड मधेच विचारतं, खरंच बंद करायचा का, आणि तुमच्या स्क्रिप्टने पुढे दिलेला एंटर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून खाल्ला जातो, पुढचं सगळं गणित एका पायरीने सरकतं. म्हणून आधी सीलेयर व्हेरिएबल, ज्यात करंट लेयरचं नाव असतं, वाचून बघा, करंट लेयर ग्रुपमध्ये असेल तर ० लेयरवर या आणि मग पुढे जा. फ्रीझ तर करंट लेयर होतच नाही. काही उलटसुलट झालंच तर लेयरपी कमांड लेयरच्या सेटिंगचा शेवटचा बदल मागे घेते, ती हाताशी असू द्या.

टॉगल ऑफने करायचं की फ्रीझने, यावर माझं मत फ्रीझकडे आहे आणि कारण साधं आहे. ऑफ केलेल्या लेयरवरच्या वस्तू दिसत नाहीत पण इरेज देऊन ऑल टाइप केलं तर त्याही पुसल्या जातात. फ्रीझ केलेल्या पुसल्या जात नाहीत. तुमच्या टॉगलने लपवलेलं फर्निचर दुसऱ्या कुणी न बघता उडवलं तर ते परत चालू करेपर्यंत कुणालाच कळणार नाही, आणि तोपर्यंत फाइल सेव्ह होऊन बंद झालेली असते.